पोरांच्या कवितेला कोण घाबरते? : लंडनच्या स्टेपनीतला १९७१ चा संप

शाळेच्या मराठीच्या पुस्तकात कविता असतात. त्या पाठ करायच्या, चालीवर म्हणायच्या, 'कवीला काय सांगायचे आहे' याचे उत्तर गाइडमधून उतरवायचे आणि रसग्रहणाचे गुण घ्यायचे. सातवी-आठवीतल्या मुलाने स्वतः कविता लिहावी अशी अपेक्षा या सगळ्यात जवळपास नसतेच. फार तर २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाला किंवा शाळेच्या वार्षिक अंकासाठी सर वर्गात येऊन सांगतात की पाऊस, आई नाहीतर माझी शाळा यावर कविता करून आणा. ज्यांच्या घरात लिहून देणारे कुणी आहे ती मुले दुसऱ्या दिवशी कागद घेऊन येतात. बौद्धवाड्यातले, पारधी पालावरचे, शहरातल्या झोपडपट्टीतले पोर मान खाली घालून बसते, आणि त्याला कवितेत गती नाही अशी नोंद सरांच्या डोक्यात कायमची होऊन जाते.

आम्ही काही साथी मिळून वस्तीतल्या विहारात रविवारचा अभ्यासवर्ग घेतो. त्यात सहावी ते नववीच्या मुलांकडून कविता लिहून घ्यायला सुरुवात केली तेव्हा आपल्याच माणसांनी हरकत घेतली. गणित घ्या, इंग्रजी घ्या, नवोदयची तयारी करून घ्या, कविता कशाला? एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, कवी खूप झाले, आता अधिकारी पाहिजेत. अधिकारी आम्हालाही पाहिजेत. पण कविता लिहिणे हा रिकामपणचा उद्योग आहे ही समजूत कुणाच्या सोयीची आहे, ते तपासायला हवे. त्यासाठी पन्नासेक वर्षांपूर्वीचे एक प्रकरण आपल्या तरुणांनी वाचले पाहिजे. प्रकरण इंग्लंडमधले आहे, आणि त्यात अकरा ते पंधरा वयाच्या मुलांनी कविता लिहिल्या म्हणून त्यांच्या शिक्षकाची नोकरी गेली.

स्टेपनी हा लंडनच्या पूर्व भागातला कष्टकऱ्यांचा इलाखा. (आपल्याकडे स्टेपनी म्हणजे गाडीचे जादा चाक. तो शब्द या स्टेपनीवरून आलेला नाही, वेल्समधल्या लानेली गावातल्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला आहे. पण जादा चाकासारखी वागणूक मिळालेल्या माणसांची वस्ती हीच होती.) थेम्स नदीच्या गोद्यांमधली हमाली, कपडे शिवायचे छोटे कारखाने, बाजारातली किरकोळ विक्री यावर इथली घरे चालत. फ्रान्समधून धर्मछळामुळे पळून आलेले ह्युगनो इथे आले, नंतर आयरिश आले, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रशियातल्या अत्याचारांना कंटाळून ज्यू आले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर सिल्हेटचे बंगाली. प्रत्येक नव्या माणसाला आधीच्याने 'घाण करतात' म्हणून नाक मुरडले. १९६०-७० च्या सुमारास गोद्या बंद पडू लागल्या होत्या. सेंट कॅथरिन गोदी १९६८ मध्ये बंद झाली. त्याच वर्षी एनॉक पॉवेलने स्थलांतरितांविरुद्ध ते कुप्रसिद्ध भाषण केले आणि पूर्व लंडनच्या गोदी कामगारांनी त्याच्या बाजूने मोर्चा काढला. पिळला गेलेला माणूस आपोआप दुसऱ्या पिळलेल्याच्या बाजूने उभा राहत नाही, हे जातीच्या उतरंडीत राहणाऱ्या आपल्याला वेगळे सांगायला नको.

अशा वस्तीतल्या सर जॉन कॅस अँड रेडकोट या चर्चशी जोडलेल्या माध्यमिक शाळेत १९७० मध्ये क्रिस सर्ल नावाचा पंचविशीतला तरुण इंग्रजीचा शिक्षक म्हणून लागला. त्याआधी तो कॅरिबियन समुद्रातल्या टोबॅगो बेटावर शिकवून आला होता. गुलामांच्या वंशजांची मुले इंग्रजांची भाषा, इंग्रजांची पुस्तके आणि इंग्रजांचे निसर्गवर्णन शिकत मोठी होतात तेव्हा त्यांचे स्वतःचे जगणे लिहिण्याच्या बाहेर कसे ढकलले जाते, हे त्याने तिथे पाहिले होते. त्यावर त्याने पुढे 'द फॉरसेकन लव्हर' हे पुस्तक लिहिले. लंडनला आल्यावर त्याच्या लक्षात आले असणार की साम्राज्याच्या राजधानीतल्या गोऱ्या कामगारांच्या मुलांचीही गत फार वेगळी नाही. पुस्तकातल्या कवितेत त्यांची गल्ली नव्हती.

सर्लने काय केले ते तपशिलाने पाहण्यासारखे आहे, कारण त्यात विलक्षण असे काहीच नव्हते. आयझॅक रोझेनबर्ग हा त्याचा आवडता कवी. पहिल्या महायुद्धात १९१८ मध्ये मारला गेलेला हा कवी गरीब ज्यू निर्वासिताचा मुलगा, याच स्टेपनीत वाढलेला, चौदाव्या वर्षी शाळा सोडून छपाईचे ठसे कोरायच्या कामाला लागलेला. आपल्याच गल्लीतून एक कवी निघाला होता हे मुलांना माहीत असण्याचे काही कारणच नव्हते. दुसरे, रॉन मॅककॉर्मिक या छायाचित्रकाराने त्या भागाचे काढलेले फोटो त्याने मुलांसमोर ठेवले. फोटोत राजवाडे नव्हते. पडक्या भिंती, बाकावर एकटा बसलेला म्हातारा, बाजार, गल्लीत खेळणारी पोरे होती. तिसरे, मुलांना घेऊन तो बाहेर पडला आणि जे दिसते ते लिहा म्हणाला. यमकाची सक्ती नाही, चांगले बोलण्याची सक्ती नाही.

मुलांनी लिहिले. एकटेपणाबद्दल, मोडकळीला आलेल्या इमारतींबद्दल, कामावरून दमून येणाऱ्या माणसांबद्दल, आपण साधीसुधी माणसे आहोत आणि आपल्या वाट्याला फारसे काही येणार नाही या जाणिवेबद्दल. तेरा वर्षांच्या पोराला आपली पायरी इतकी नेमकी कळलेली असते, हे वाचून कोणत्याही समाजाने अस्वस्थ व्हावे. शाळेचे व्यवस्थापन अस्वस्थ झालेही, पण पोरांच्या स्थितीने नव्हे. कविता फार उदास आहेत, त्यातून चुकीचे चित्र उभे राहते असा त्यांचा आक्षेप होता, आणि त्या पुस्तकरूपात छापायला त्यांनी नकार दिला. सर्लने लोकांकडून पैसे उभे करून १९७१ मध्ये 'स्टेपनी वर्ड्स' ही पुस्तिका छापली. मे महिन्यात 'संडे टाइम्स'ने त्यातल्या कविता प्रसिद्ध केल्या आणि महिनाअखेर सर्लला कामावरून काढण्यात आले.

इथपर्यंतची गोष्ट एका धडाडीच्या शिक्षकाची आहे. अशा गोष्टी आपल्याला आवडतात, आणि त्यांचा धोकाही असतो. बाहेरून आलेला शिकलेला माणूस मुक्या पोरांना वाचा देतो, ही मांडणी आपण पुष्कळ ऐकली आहे. पुढे जे घडले त्याने ती मांडणी मोडीत निघते. दुसऱ्या दिवशी सुमारे ८०० विद्यार्थी शाळेच्या दारात पावसात उभे राहिले आणि आत जायला त्यांनी नकार दिला. संप पोरांनी उभा केला होता. ट्रॅफल्गार चौकापर्यंत ती चालत गेली. वर्तमानपत्रांच्या वार्ताहरांशी स्वतः बोलली. आपण लिहिलेले शब्द छापले गेले म्हणून सरांना शिक्षा झाली, म्हणजे शिक्षा खरे तर आपल्या शब्दांना झाली, एवढे त्यांना समजले होते. ज्यांना कवितेच्या वर्गातून राजकारण येईल अशी भीती वाटत होती त्यांची भीती खरी ठरली, पण ते राजकारण कवितेच्या मजकुरात नव्हते. कवितेत कुठे संपाची हाक नव्हती. माझे म्हणणे छापण्यासारखे आहे, हा अनुभव पोरांना आला होता आणि तो परत घेता येईना.

सर्लला परत घ्यायला दोन वर्षे लागली. शिक्षक संघटना त्याच्या बाजूने उभी राहिली, प्रकरण थेट शिक्षणमंत्र्यांपर्यंत गेले, आणि १९७३ मध्ये त्याला पुन्हा कामावर घेण्याचा निर्णय झाला. तेव्हा शिक्षणमंत्री कोण होते? मार्गारेट थॅचर. सात वर्षांवरच्या मुलांचे शाळेतले मोफत दूध बंद करणाऱ्या त्याच बाई. इतिहासात असे होते. सर्लचे त्या शाळेत पुढे फार काळ जमले नाही, पण १९७३ मध्येच स्टेपनीतल्या तरुण पोरांना घेऊन केबल स्ट्रीटवरच्या जुन्या टाऊन हॉलच्या तळघरात एक लेखन मंडळ सुरू झाले. तळघरात जमत म्हणून नाव 'बेसमेंट रायटर्स'. हा तोच केबल स्ट्रीट, जिथे ४ ऑक्टोबर १९३६ रोजी ज्यू, आयरिश आणि डाव्या कामगारांनी ओसवाल्ड मोस्लेच्या काळ्या सदऱ्यांचा मोर्चा अडवला होता.

आता थोडे समाजशास्त्राकडे, कारण हा झगडा कवितेपुरता नव्हता. याच १९७१ मध्ये बॅसिल बर्नस्टाइन यांचा 'क्लास, कोड्स अँड कंट्रोल' हा ग्रंथ आला. तरुणपणी बर्नस्टाइन यांनी स्टेपनीतल्याच एका ज्यू सेवाकेंद्रात काम केले होते, हा योगायोग. कामगारवर्गातल्या मुलाची घरची बोलण्याची रीत आणि शाळेला अपेक्षित असलेली रीत वेगळी असते, आणि शाळा दुसऱ्या रीतीलाच बुद्धी समजते, असे त्यांचे म्हणणे थोडक्यात सांगता येईल. पण शिक्षक-प्रशिक्षणात ते पोचले ते भलत्याच रूपात : गरिबाच्या पोराची भाषाच तोकडी असते, म्हणून त्याचा विचार तोकडा असतो. बर्नस्टाइन यांनी या अर्थाला विरोध केला, तरी तोच अर्थ रुजला, कारण तो सोयीचा होता. अमेरिकेत विल्यम लॅबोव्ह यांनी १९६९ मध्ये दाखवून दिले होते की हार्लेममधली काळी पोरे जी इंग्रजी बोलतात तिला पक्के नियम आहेत आणि त्या भाषेत तर्कशुद्ध युक्तिवाद होतो. पोर परीक्षकासमोर गप्प बसते ते भाषा नाही म्हणून नव्हे, परीक्षक समोर आहे म्हणून.

हे वाचताना आपल्याला 'पानी' हा शब्द आठवल्याशिवाय राहत नाही. महाराष्ट्रातल्या किती पिढ्यांच्या वह्यांत या एका शब्दावर लाल रेघ मारली गेली असेल? पोर 'पानी' लिहिते, गुरुजी 'ण' गिरवायला लावतात, आणि वर्गातली बाकीची मुले हसतात. तो हशा व्याकरणाचा नसतो. 'न' आणि 'ण' यांच्यामधून गावकुसाची भिंत जाते, आणि वर्गातल्या प्रत्येकाला ते माहीत असते. गंमत अशी की याच शाळा बहिणाबाई चौधरींच्या कविता मोठ्या कौतुकाने शिकवतात. १८८० मध्ये जन्मलेल्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या बहिणाबाईंची गाणी त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ मध्ये पुस्तकात आली आणि तेव्हापासून त्यांच्या बोलीचा गोडवा मराठी माणसाला सांगितला जातो. ठीक आहे, सांगावाच. पण पुस्तकातली बोली गोड आणि वहीतली बोली अशुद्ध, हा कोणता न्याय? बोली छापून आली, तिला कुणा मान्यवराने उचलून धरले, की ती साहित्य होते. आठवीतल्या पोराला ते भाग्य मिळायला आधी कवी म्हणून मरावे लागेल काय?

स्टेपनीचे पुस्तक निघाले त्याच्या पुढच्या वर्षी मुंबईत नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला, दलित पँथर उभी राहिली. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही, तसा तो जोडूही नये. पण एक साम्य नोंदवण्यासारखे आहे. 'गोलपिठा'ला प्रस्तावना लिहिताना विजय तेंडुलकरांसारख्या लेखकाला त्यातल्या कित्येक शब्दांचे अर्थ कवीला विचारावे लागले. म्हणजे त्याच शहरात, ट्रामच्या जुन्या रस्त्यावर चार स्टॉप पुढे, एक भाषा रोज बोलली जात होती आणि मराठी साहित्याला तिचा पत्ता नव्हता. ढसाळ मोठा कवी होता, त्याने ती भाषा ओढून आणली. शाळेने तिला वर्गात बसू दिले असते तर अजून कितीजणांनी आणली असती, हा आमचा प्रश्न आहे.

आणि शाळेने बसू दिले तर काय होते, याचा पुरावा आपल्याच इतिहासात आहे, तोही स्टेपनीच्या शंभरहून अधिक वर्षे आधीचा. १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' नियतकालिकात पुण्यातल्या फुले दांपत्याच्या शाळेतली विद्यार्थिनी मुक्ता हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. मांग समाजातली ती शाळकरी मुलगी तीन वर्षे शिकली होती. त्या निबंधात ती पेशवाईतला छळ सांगते, बाळंतपणात आपल्या बायकांना डोक्यावर छप्पर नसते ते सांगते, आणि ज्या धर्माचे ग्रंथ आपल्याला वाचायला बंदी आहे तो धर्म आपला कसा, असा सरळ सवाल टाकते. निबंध आहे, कविता नाही, हे मान्य. पण त्याच्या आदल्याच वर्षी, १८५४ मध्ये, तिच्या शाळेच्या शिक्षिकेचा, सावित्रीबाईंचा 'काव्यफुले' हा कवितासंग्रह प्रसिद्ध झाला होता. शिक्षिका स्वतः लिहीत होती. मुलांना लिहायला लावणाऱ्या शाळेत शिक्षकानेही लिहीत असावे, ही गोष्ट आजच्या बी.एड.च्या अभ्यासक्रमातून हरवली आहे. शिक्षकाची कविता आम्ही पाहतो ती निवृत्तीच्या सत्कारात.

सावित्रीबाई-जोतिरावांनी मुक्ताला काय सांगितले असेल ते आपल्याला कळायला मार्ग नाही. पण तिला 'पाऊस' हा विषय दिला नव्हता, एवढे निबंधावरून दिसते.

नंतरच्या काळात आपल्या समाजात कविता शाळेबाहेरच वाढली. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथींनी जलसे काढले, तमाशाचा साचा घेऊन त्यात चळवळीचा मजकूर भरला आणि गावोगाव नेला. १९२२ मध्ये सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मलेले वामनदादा कर्डक शाळेत गेलेच नव्हते. मुंबईत मोठेपणी अक्षरे शिकले आणि पुढे हजारो गाणी रचली. मुंबईच्या पालिका शाळेत शिपाई म्हणून राबलेले नारायण सुर्वे पुढे शिक्षक झाले, आणि त्यांच्या १९६६ च्या संग्रहाचे नावच 'माझे विद्यापीठ' आहे. आपल्या पोरांच्या कानात म्हणूनच लय असते. ताल, यमक, पालुपद त्यांना शिकवावे लागत नाही. जयंतीच्या मिरवणुकीत, लग्नात, विहारात ती ते ऐकत वाढतात. ज्याला शाळा 'कवितेत गती नाही' म्हणते, तो पोरगा संध्याकाळी ढोलकीवर बसतो.

इथे आपल्या घरातल्या गोष्टीबद्दल बोलणे भाग आहे. चळवळीच्या व्यासपीठावर मुलांच्या कविता होत नाहीत असे नाही. १४ एप्रिलच्या स्पर्धेत होतात, ६ डिसेंबरला होतात. पण त्या ऐकल्यावर काय दिसते? पन्नास मुलांच्या पन्नास कविता, सगळ्यांत तेच शब्द, तीच उपमा, शेवटी तोच जयजयकार. मुलगी विहारासमोर उभी राहून सूर्य, क्रांती, प्रज्ञा म्हणते. तिच्या घरी तीन दिवस पाणी आले नाही ते तिच्या कवितेत येत नाही. ते आणले तर परीक्षक म्हणतात, विषयाला धरून नाही. स्टेपनीच्या व्यवस्थापनाला कविता उदास वाटल्या, आपल्या परीक्षकांना कवितेत नाव कमी वाटते. दोघांनीही पोराने काय म्हणावे ते आधीच ठरवून ठेवलेले आहे. बाबासाहेबांवर मुलांनी जरूर लिहावे. पण ज्या माणसाने १९२० मध्ये आपल्या पाक्षिकाचे नाव 'मूकनायक' ठेवले, त्याच्या नावाने पोराला पाठ केलेले बोलायला लावणे आम्हाला पटत नाही.

उलट टोकालाही जाऊ नये. काही साहित्यिक मंडळी वस्तीत कार्यशाळा घेतात आणि पोरांकडून फक्त दुःख मागतात. बाप दारू पितो का, आई कुठे कामाला जाते, उपाशी झोपलास का, लिही. हे पोराला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करणे झाले. आमच्या वर्गातल्या एका सहावीतल्या पोराने सलग चार रविवार फक्त शेजारच्या गॅरेजमधल्या कुत्र्यावर लिहिले. लिहू दे. वेदना हा आपल्या पोरांवर लादलेला अभ्यासक्रम नाही. कुत्र्यावर, क्रिकेटवर, प्रेमावर, कशावरही लिहिण्याचा हक्क ब्राह्मणाच्या पोराइतकाच आपल्या पोराला आहे.

मग शिकवायचे काय? काहीच नाही, नुसते 'मनातले लिहा' म्हणून सोडून द्यायचे, असे होत नाही. मनातले लिहा म्हटले की पोर पुस्तकातले लिहिते, हा अनुभव कुणालाही येईल. टेड ह्यूज या इंग्रज कवीने १९६० च्या दशकात बीबीसीच्या शालेय कार्यक्रमांत साधारण याच वयाच्या मुलांसाठी भाषणे दिली होती, ती १९६७ मध्ये 'पोएट्री इन द मेकिंग' या पुस्तकात आली. त्याचा भर एकाच गोष्टीवर आहे : शब्दांची चिंता सोडा, ज्या वस्तूवर लिहिता ती वस्तू नजरेसमोर धरून ठेवा. ह्यूजची वस्तू बहुधा कोल्हा, मासा, वारा असते. आपण तिथे सार्वजनिक नळ ठेवू शकतो, रेशनचे दुकान, एसटीचा थांबा, आजीचे लुगडे. त्याच सुमारास ब्रुकलिनमध्ये जून जॉर्डन ही काळी कवयित्री टेरी बुश या शिक्षिकेबरोबर दर शनिवारी काळ्या आणि पोर्तो रिकन मुलांना जमवून लिहिते करत होती. १९७० मध्ये त्यांच्या कवितांचे 'द व्हॉइस ऑफ द चिल्ड्रन' हे पुस्तक निघाले. शाळेच्या वेळेबाहेर, शाळेच्या गुणांबाहेर चाललेले काम. आपले विहार यासाठीच तर मोकळे असते.

आम्हाला जे उपयोगी पडले ते असे. आधी पाच मिनिटे नुसती नावे लिहायची : नळावर काय काय असते? हंडा, कॅन, पाइप, रांग, भांडण, चप्पल. मग दहा मिनिटे लिहायचे, वेळ लावून, कारण वेळ कमी असला की सुंदर बोलायला सवड राहत नाही. मग ज्याने लिहिले त्याने मोठ्याने वाचायचे, आणि ऐकणाऱ्याने 'छान' म्हणायचे नाही. कोणती ओळ लक्षात राहिली तेवढे सांगायचे. शुद्धलेखनाला पहिल्या फेरीत हात लावायचा नाही. 'पानी' तसेच राहू द्यायचे. दुसऱ्या फेरीत मुलालाच विचारायचे की हा शब्द पुस्तकातल्यासारखा करायचा की घरातल्यासारखा ठेवायचा. दोन्ही त्याला यायला पाहिजेत, परीक्षेत 'पाणी' लिहायचे आहेच, पण कवितेत काय ठेवायचे ते त्याने ठरवायचे. हा निर्णय घेताना पोर ज्या गंभीरपणे विचार करते तो विचार व्याकरणाच्या तासाला दिसत नाही. आणि मुलींना वेगळे, शेवटी, वेळ उरला तर वाचायला लावू नये. ही सवय विहारातही आहे.

छापण्याबद्दल मात्र सावध असावे. स्टेपनीत नोकरी शिक्षकाची गेली, पोरांना कुणी घरात घुसून मारले नाही. आपल्या गावात सातवीतल्या मुलीने पाटलाच्या विहिरीबद्दल नावानिशी लिहिले आणि ते कुणी व्हॉट्सअॅपवर टाकले, तर किंमत तिच्या घराने मोजायची असते. कवितेखाली नाव घालायचे की नाही, गावाचे नाव ठेवायचे की नाही, हे मुलाशी आणि त्याच्या आईबापाशी बोलून ठरले पाहिजे, आणि कार्यकर्त्याने आपल्या उत्साहापायी तिथे घाई करू नये. सर्लचे पुढचे आयुष्यही सरळ गेले नाही : शेफिल्डच्या एका शाळेत तो १९९० मध्ये मुख्याध्यापक झाला, पाकिस्तानी, येमेनी, सोमाली घरांतल्या पोरांच्या कवितांची पुस्तके तिथेही काढली, पोरांना शाळेतून हाकलायला नकार दिला, आणि १९९५ मध्ये तिथूनही त्याला बाजूला करण्यात आले.

एक काम या उन्हाळ्यात प्रत्येक विहारात करता येईल. मुक्ताचा निबंध आज आपल्या हातात आहे तो 'ज्ञानोदय'ने छापला म्हणून. तिच्या वर्गात आणखी मुली होत्या, त्यांनीही काही ना काही लिहिले असेल, ते गेले. आपल्याकडे परीक्षा संपली की मे महिन्यात वह्या रद्दीत जातात, किलोवर. त्या जाण्याआधी पोरांच्या घरी जाऊन मागची पाने उघडा. मागच्या पानांवर बरेच काही लिहिलेले असते. मुलाला विचारून त्याची एक स्वच्छ प्रत करा, तारीख घाला, 'पानी' असेल तर 'पानी'च ठेवा, आणि ती विहाराच्या कपाटात एका फायलीला लावून ठेवा.